श्रावणात मी सांगितलेला अर्थ

मला बोलायला लई आवडतं. नेकनूरच्या स्टँडाजवळ माझं किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक मिठाचा पुडा मागायला आलं तरी चार गोष्टी ऐकवल्याशिवाय मी त्याला सोडत नाही. बायको आतून ओरडते, "अवो, मीठ द्या अन् जाऊ द्या की त्याला!" त्यात राग कायम नाकावर. कुणी मधे बोललं, माझं म्हणणं खोडलं, की डोकं फिरतंच. खरं म्हणजे असल्या माणसाला देवळात पोथीचा अर्थ सांगायला बसवू नये. पण गावानं बसवला, आणि मीही ऐटीत मांडी घालून बसलो.

श्रावणात आमच्याकडं महादेवाच्या देवळात संध्याकाळी पोथी लागते. एकजण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो. वाचायला शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी असतात. मऊ आवाजाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. अर्थ सांगायला मी. गुरुजी वाचून थांबले की सगळ्या माना माझ्याकडं वळतात, आणि त्या माना वळतात ना, ते मला भारी वाटायचं. दिवसभर डाळ-तांदूळ जोखणारा माणूस मी. संध्याकाळी तासभर मलाही कुणीतरी कान देऊन ऐकत होतं.

माझी पद्धत एकच होती. लिहिलंय ते लिहिलंय. आजकाल जो तो पोथी फिरवून सांगतो. राक्षस म्हणजे मनातला राग, नदी म्हणजे माया, अमुक म्हणजे तमुक. मला त्याची चीड. मी म्हणायचो, "लिहिणाऱ्याला राग म्हणायचं असतं तर त्यानं राग लिहिलं असतं. तो काय येडा होता?" लोक हसायचे. सरपंच पुढंच बसायचे, ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, "बरोबर हाय आप्पा." मग मला आणखी चेव यायचा.

आम्ही लिंगायत. आमच्यात जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आमचे पुरोहित, जंगम स्वामी, येऊन बाळाला लिंग, म्हणजे छोटंसं शिवलिंग, बांधतात. ते दोऱ्यानं गळ्यात असतं, मरेपर्यंत. आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म-पाणी करायचं, पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. आणि मेलं की त्याच्यासकट पुरायचं. हल्लीची पोरं खुंटीला अडकवून मोकळी होतात, ते सोडा. पण माझी थोरली बहीण, आमची आक्का, तिनं उभ्या आयुष्यात ते अंगावेगळं केलेलं मी पाहिलं नव्हतं. आई लवकर गेली, म्हणून मला आक्कानंच वाढवलं. तिचं लग्न झालं, नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती आमच्याकडंच. आता सत्तरी ओलांडलीय, शुगर आहे, पण घरावर हुकूम तिचाच.

गेल्या श्रावणात पोथीत तो भाग आला. ज्याच्या अंगावरचं लिंग गेलं त्यानं अन्नपाणी सोडावं, त्याच्यामागं प्राणही ठेवू नये, अशा अर्थाचं होतं. गुरुजींनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पोथीवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "आप्पा, मला वाटतं हे प्राण सोडणं म्हणजे खरंखुरं मरण नसावं. निष्ठा किती असावी एवढंच सांगायचं असंल."

झालं! माझ्या ओवीत कुणी हात घालतो म्हणजे काय. मी म्हणालो, "गुरुजी, तुमी शाळेत पोरांना बेरीज शिकवताना असंच सांगत होतात का? दोन म्हणजे खरेखुरे दोन नसावेत म्हणून?" देऊळभर हशा झाला. मी तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण सरपंच माझ्याकडं बघत होते आणि मला थांबता येईना. मी हात वर करून सांगितलं, "लिंग गेलं की जेवण बंद. दुसरं बांधून भाकरी खाल्ली तर ती भाकरी न्हाई, शेण हाय. ज्याला झेपत न्हाई त्यानं लिंगायत म्हणून घेऊ नये."

"वा आप्पा!" सरपंच म्हणाले. गुरुजींनी चष्मा लावला आणि पुढची ओवी वाचायला घेतली. त्यांचे कान लाल झाले होते. बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून आक्का बसली होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "घसा बसला की रे तुझा. गरम पाणी पी."

दिवाळीनंतर आक्का न्हाणीत घसरली. कंबर अशी धरली की उठता बसता येईना. गावातल्या डॉक्टरनं मणक्याचा फोटो काढून आणायला सांगितलं, तो मोठा, यंत्राच्या पोटात घालून काढतात तो. ओळखीच्या एकाची गाडी केली आणि मी तिला बीडला घेऊन गेलो. तिथं गर्दी ही एवढी. बऱ्याच वेळानं आमचा नंबर आला तर आतली बाई म्हणाली, अंगावर धातू चालत नाही, सगळं काढा. बांगड्या काढल्या, जोडवी तर नव्हतीच. राहिली गळ्यातली चांदीची डबी, सुपारीपेक्षा जराशी मोठी. तिच्यातच लिंग.

आक्कानं डबी मुठीत धरली. माझ्याकडं बघून विचारलं, "चालतं का रे काढलेलं?"

मला घाई झाली होती. मागचे लोक ओरडत होते. मी म्हणालो, "चालतं की. अडचणीच्या वेळी चालतं, पोथीतच हाय तसं." पोथीत तसं काही नाही. निदान मी तरी वाचलेलं नाही. पण तोंडातून भसकन निघून गेलं. आक्कानं दोरा डोक्यावरून काढला, डबी डोळ्याला लावली आणि माझ्या हातावर ठेवली. मी ती रुमालात गुंडाळून, गाठ मारून वरच्या खिशात घातली.

ती आत गेली आणि बाहेर माझं भांडण लागलं. एक माणूस नंबर सोडून पुढं घुसत होता. दुसरा कुणी असता तर गप बसला असता. मी कसला बसतोय! "तुझ्या बापाचा दवाखाना हाय का बे?" इथपासून सुरुवात झाली. आवाज चढले, चार माणसं मधे पडली, घामानं मी निथळलो आणि भांडता भांडता खिशातला रुमाल ओढून तोंड पुसलं. गाठ कधी सुटली, डबी कुठं पडली, मला पत्ता नाही. आक्काला बाहेर आणल्यावर तिनं सगळ्यात आधी हात पुढं केला. मी खिशात हात घातला, खिसा रिकामा.

बाकाखाली शोधलं, कचऱ्याच्या डब्यात हात घातला, झाडणाऱ्या मावशींना विनवलं, त्याही बिचाऱ्या माझ्याबरोबर वाकून वाकून शोधत होत्या. ज्याच्याशी भांडलो त्याच्याही पाया पडायला गेलो, तो तर निघून गेला होता. चांदीची डबी, कोण सोडतो? मी मनात म्हणत होतो, बाबा, डबी ने, पण आतलं तेवढं ठेव. काही मिळालं नाही.

गाडीत आक्का रडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिचा हात सारखा गळ्याशी जायचा आणि परत मांडीवर यायचा. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. तिच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही.

सकाळी बायकोनं तिला अंथरुणातच अंग पुसून दिलं. आक्कानं कपाळाला भस्म लावलं, सवयीनं डावा तळहात पुढं धरला, आणि तो रिकामा हात बघून मिटून घेतला. बायकोनं दूध-भाकरी कुस्करून आणली. आक्का म्हणाली, "नको ग."

"औषधाची गोळी घ्यायचीय ना?"

"गोळीबी नको. ठेव."

दुपारीही तेच. नुसते ओठ ओले करण्यापुरतं पाणी. डॉक्टर येऊन गेले. ते बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, शुगरचं माणूस, या वयात पोट रिकामं ठेवलं तर कधी काय होईल सांगता येत नाही, काही करा पण खायला घाला. बायकोनं ते सगळं मला सांगितलं आणि वर नुसतं बघत उभी राहिली. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

मग मी आक्काजवळ बसलो आणि सुरू झालो. काय काय बोललो मी! लिंग म्हणजे काय दगड असतो का आक्का, लिंग म्हणजे आत्मा. आत्मा कधी हरवतो का? तो तर तुझ्या आत बसलाय. आणि प्राण सोडावा म्हणजे अहंकार सोडावा. अन्न म्हणजे विषयवासना. श्रावणात ज्या ज्या फिरवाफिरवीची मी टर उडवली होती, ती सगळी मी एका दमात केली, आणि तीही अशी सफाईनं की ऐकणाऱ्याला वाटावं जन्मभर हेच सांगत आलोय.

आक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "श्रावणात असं न्हवतं सांगितलंस."

ती चिडून म्हणाली नाही, टोमणा म्हणून तर नाहीच. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठून दुकानात जाऊन बसलो आणि पोथी उघडली. घरी एक प्रत असते माझ्याकडं. वाटत होतं, पुढच्या ओवीत काहीतरी सूट असेल, उपाय असेल, आपण त्या दिवशी घाईत वाचलं असेल. तसं काही नव्हतं. जे लिहिलंय ते तसंच होतं, अगदी मी सांगितलं तसं. मी खोटं बोललो असतो तर निदान खोडायला सोपं तरी गेलं असतं.

पण त्याच पानावर दुसरंही होतं. घरातलं पहिलं ताट जंगमाला वाढावं. दारी आलेल्याला रिकामं पाठवू नये. कुणाला चारचौघांत टोचून बोलू नये. ह्या ओव्याही मीच सांगितल्या होत्या, त्याच संध्याकाळी. आणि त्यांचा अर्थ काय सांगितला होता मी? की भाव महत्त्वाचा. ताट म्हणजे आदर, दार म्हणजे मनाचं दार. त्या वेळी मला फिरवाफिरवीची अजिबात चीड आली नव्हती. मी पोथी मिटली. गिऱ्हाईक आलं, त्याला मी पहिल्यांदाच न बोलता मीठ दिलं.

संध्याकाळी जंगम स्वामींना फोन केला. ते मोटारसायकलवर आले, मोठ्या पोटाचे, हसतमुख. येतानाच नवं लिंग घेऊन आलेले. आक्का हरवल्याची बातमी गावभर झाली होती, म्हणजे आक्काचं लिंग हरवल्याची. त्या दिवसांचं सांगताना माझी जीभ अजून अडखळते. शेजारचे दोन-तीन लोक आले होते, गुरुजीही येऊन कोपऱ्यात बसले होते. स्वामींनी विधी केला, मंत्र दिला, आक्काच्या गळ्यात नवं लिंग बांधलं. आक्कानं बांधू दिलं. तळहातावर घेऊन पूजाही केली. बायकोचा चेहरा उजळला. पण स्वामींनी हातावर साखर ठेवली तर आक्कानं ती वाटीत काढून ठेवली.

"खाऊन टाका की आक्का," स्वामी म्हणाले.

"नंतर. गेलेल्यामागं अन्न सोडायचं असतं म्हणत्यात ना."

"कोण म्हणतं?"

तिथं बसलेला प्रत्येकजण श्रावणात देवळात होता. प्रत्येकाला माहीत होतं कोण म्हणतं. गुरुजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. त्यांनी नुसतं माझ्याकडं एकदा बघितलं असतं तरी फिटंफाट झाली असती, पण त्यांनी तेही केलं नाही.

आक्का म्हणाली, "ऐकलंय मी कुठंतरी. आता ध्यानात न्हाई."

तोंड उघडायची तीच वेळ होती. 'मी म्हणलो, स्वामी.' एवढे तीनच शब्द लागत होते, आणि शब्दांची मला कधी वाण पडली नव्हती. मी काय केलं? स्वामींच्या पुढचा रिकामा कप उचलला आणि चहा आणतो म्हणून आत निघून गेलो. चुलीपाशी बायको उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "लाज वाटू द्या जरा." वाटतच होती. पण वाटून कुणाचं पोट भरत नव्हतं.

बाहेर स्वामी हसत हसत बोलत होते. "लिहिलेलं सगळंच करायचं म्हणलं तर लोक मला घरचं पहिलं ताट वाढून वाढून मारतील. अन् न्हाईच करायचं म्हणलं तर मी उपाशी मरंन. आमी म्हातारे जंगम काय करतो, जी ओवी आपल्याला जड जाती ती खरी धरतो, अन् जी दुसऱ्याला जड जाती ती जरा सैल सोडतो. खाऊन घ्या आक्का." सगळे हसले. मी आत कप धरून उभा होतो. असला हिशोब मला कधी सुचला नव्हता, मी नेमका उलटा चाललो होतो.

स्वामी गेले तरी आक्कानं खाल्लं नाही. "उद्या बघू" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं तिला उशीला टेकवून बसवलं तर तिची मान कलली. डोळे फिरले. बायको किंचाळली. पाणी मारलं, तळपाय चोळले, तेव्हा ती शुद्धीवर आली. ओठ पांढरेफटक पडले होते. बायको वळून माझ्यावर ओरडली, आमच्या संसारात कधी ओरडली नव्हती तशी. "तुमच्या तोंडानं झालंय हे! तुमीच मागं घ्या. न्हाईतर मी देवळात जाऊन सगळ्यांपुढं सांगते." आणि दूध तापवायला आत गेली.

मी आक्काच्या उशाशी बसलो. पोथी आणली नव्हती, आणि सांगायला अर्थही उरला नव्हता. तिचा हात हातात घेतला. लहानपणी ताप आला की तिचा हात असाच माझ्या हातात असायचा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हणालो, "आक्का, खरं काय ते मला माहीत न्हाई ग. पोथीत लिहिलंय, पण ते तसंच धरायचं का दुसरं काही, मला खरंच माहीत न्हाई. लोक माना डोलवत होते, म्हणून मी बोलत गेलो. त्या गुरुजीला खाली बघायला लावायचं होतं मला. एवढंच होतं. बीडलाबी मी तुला खोटंच सांगितलं."

"ठावं हाय मला," आक्का म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"तू बोलताना पोथीकडं बघत न्हवतास. सरपंचाकडं बघत होतास."

मला वाटलं, आता ही खाणार. मोकळं वाटलं थोडं. आणि मग ते मनात आलं, आणि मी विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"मग कावून उपाशी राहिलीस, आक्का? तुला पहिल्यापासून ठावं होतं तर?"

ती माझ्याकडं बघत राहिली, लहानपणी मी शाळेत मार खाऊन आलो की बघायची तशी. बोलायला तिला दम लागत होता.

"भरल्या देवळात हात वर करून बोललास की रे. दुसरं बांधून भाकरी खाल्ली तर शेण, म्हणलास. गुरुजीसारख्या माणसाला हसलास. आता तुझ्याच घरातली बाई नवं बांधून लगेच जेवली असती, तर गावानं तुझ्या तोंडावर थुंकलं असतं. देवाचं काय, देव समजून घेतो. लोक न्हाई घेत."

बायको दुधाचा पेला घेऊन दारात उभी होती. तिनंही ऐकलं असणार. तिनं पेला माझ्या हातात दिला आणि मागल्या दारानं निघून गेली. मी पेला आक्काच्या तोंडाशी नेला. घाईत थोडं दूध तिच्या हनुवटीवर सांडलं.

आक्कानं पेला हातानं बाजूला सारला. "थांब," ती म्हणाली. "आधी ते पुढचं दार लावून घे. कुणीतरी येतंय सारखं. दोन दिवसांनी सांगू, स्वामींनी फोनवर दटावलं म्हणून खाल्लं. म्हंजी तुझंबी नाक ऱ्हाईल."

"नको आक्का," मी म्हणालो. "मी सांगतो सगळ्यांना. आत्ता सांगतो."

"बरं, बरं. दार तेवढं लाव."

मी उठून दाराशी गेलो. बाहेर ओट्यावर गुरुजी बसले होते. सकाळपासून बसले असावेत, डबा घेऊन आले होते घरून, लापशी असावी. मला बघून उभे राहिले. चष्म्याआड डोळे सुजलेले.

"काय म्हणत्यात आक्का?" त्यांनी विचारलं. "काही घेतलं का?"

देवळात नव्हे, भरल्या सभेत नव्हे. एकटा माणूस समोर, ज्याची माफी मागायची तोच. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"अजून न्हाई," मी म्हणालो. "पडल्यात जरा." आणि दार लावून घेतलं.